डोंगरधार की पत्र्याची शेड : १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीच्या छायाचित्रणाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका डोंगरी अल्ट्रा शर्यतीच्या छायाचित्रणाचे आहे. शर्यत १०० किलोमीटरची होती, एकूण चढाई पाच हजार मीटरच्या आसपास होती, सुरुवात रात्री नऊ वाजता होणार होती आणि शर्यत पूर्ण करण्यासाठी २४ तासांची मुदत होती. स्पर्धेचे आणि संबंधित व्यक्तींचे तपशील ओळख पटणार नाही अशा बेताने बदलले आहेत.

बिब (छातीवर लावायची क्रमांकाची पट्टी) क्रमांकानुसार प्रत्येक स्पर्धकाचे छायाचित्र काढून देणारी संस्था आयोजकांनी आधीच नेमली होती. या प्रकरणातल्या छायाचित्रकारांकडून त्यांना त्याहून निराळे काम हवे होते. सुमारे पंचवीस छायाचित्रांची एक मालिका तयार व्हावी, त्यांतले एक छायाचित्र पुढच्या वर्षीच्या पोस्टरवर जावे आणि बाकीची बिब वाटपाच्या दालनात प्रदर्शन म्हणून लावावीत, अशी कल्पना होती. लेखी मागणीत मात्र ‘इतर शर्यतींपेक्षा वेगळी, कल्पक छायाचित्रे’ एवढेच शब्द होते. कशापेक्षा वेगळी, कोणाला दाखवण्यासाठी आणि शर्यतीबद्दल काय सांगणारी, याचा खुलासा कोणी मागितला नाही आणि कोणी केलाही नाही. पुढे जे मतभेद झाले त्यांतले बरेचसे या एका ओळीतून उगवले, असे माझे मत आहे.

मुख्य छायाचित्रकार ट्रॅकवरील शर्यती आणि रस्त्यावरच्या मॅरेथॉन यांच्या कामात मुरलेल्या होत्या. त्यांच्याबरोबर एक तरुण साहाय्यक होता आणि अंतिम रेषेवर दुसरा एक छायाचित्रकार उभा राहणार होता. डोंगरातली, रात्रभर चालणारी शर्यत मुख्य छायाचित्रकार पहिल्यांदाच टिपणार होत्या.

मूळ आराखडा

आराखड्याचा कणा म्हणजे ७६ व्या किलोमीटरवरची उघडी डोंगरधार. आघाडीचे धावपटू तिथे सूर्योदयाच्या सुमारास पोहोचतील असा हिशेब होता. समोर उगवता सूर्य, त्यावर धावपटूची काळी आकृती आणि खाली दऱ्यांचे थर, हे पोस्टरचे छायाचित्र सर्वांच्या डोळ्यांपुढे आधीच तयार होते. रात्रीच्या जंगलातल्या उताराच्या वाटेवर बाजूला ठेवलेले फ्लॅश वापरून दुसरा संच काढायचा होता.

या आराखड्यातली जोखीम कागदावर मांडली असती तर लगेच दिसली असती. सूर्याचे बिंब आकाशात साधारण अर्धा अंश रुंद दिसते आणि सूर्य तासाला १५ अंश सरकतो; म्हणजे स्वतःच्या रुंदीएवढे अंतर सरकायला त्याला सुमारे दोन मिनिटे लागतात. उभा माणूस त्या बिंबात मावावा असे वाटत असेल तर कॅमेरा त्याच्यापासून जवळपास दोनशे मीटर लांब हवा, आणि तेवढे करूनही ४०० मिलिमीटरच्या लेन्सने फुल-फ्रेम सेन्सरवर बिंबाची प्रतिमा चार मिलिमीटरहून लहानच पडते. एकीकडे ही दोन मिनिटांची खिडकी आणि दुसरीकडे नऊ तास डोंगर चढून-उतरून येणारा धावपटू. त्याच्या वेळेच्या अंदाजात केवळ पाच टक्क्यांची चूक झाली, तरी तो २७ मिनिटे पुढेमागे होतो. रस्त्यावरच्या मॅरेथॉनमध्ये आघाडीच्या धावपटूचा किलोमीटरमागचा वेळ इतका स्थिर असतो की अशी गणिते जमून जातात. डोंगरात ती जमवायची तर नशिबाची साथ लागते.

जंगलातल्या फ्लॅशचा बेत शर्यतीच्या आधीच रद्द झाला. सुरक्षा प्रमुखांनी उताराच्या कोणत्याही टप्प्यावर फ्लॅश वापरण्यास नकार दिला. हेडलॅम्पच्या मर्यादित उजेडात दगड आणि मुळे पाहत उतरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर अचानक फ्लॅश पडला की त्याची छाप काही सेकंद नजरेसमोर तरळत राहते, आणि त्या काही सेकंदांत धावपटूची कित्येक पावले पडलेली असतात. छायाचित्रकारांनी हा नकार वाद न घालता स्वीकारला. मला हा निर्णय पूर्णपणे योग्य वाटतो. धावपटू छायाचित्रासाठी तिथे आलेला नसतो, आणि ज्या कल्पक चौकटीची किंमत दुसऱ्याच्या घोट्याने मोजावी लागू शकते ती चौकट सोडून देण्यात छायाचित्रकाराचे काही बिघडत नाही.

अडचण

रात्री एकच्या आधीच मुख्य छायाचित्रकार आणि साहाय्यक ३४ व्या किलोमीटरवरच्या मदतकेंद्रावर होते. मार्ग असा आखला होता की एक मोठा वळसा घेऊन स्पर्धक ८१ व्या किलोमीटरला पुन्हा याच केंद्रावर येत. केंद्राला लागून एक रिकामी, तीन बाजूंनी बंद पत्र्याची शेड होती. डोंगरधारेकडे निघायला वेळ होता, म्हणून छायाचित्रकारांनी शेडच्या मागच्या भिंतीशी एक लहान एलईडी दिवा लावला आणि पाणी भरायला थांबलेल्या स्पर्धकांना विचारून त्यांची साधी, समोरून काढलेली व्यक्तिचित्रे घ्यायला सुरुवात केली. त्या वेळी या छायाचित्रांचे पुढे काय करायचे, हे ठरलेले नव्हते.

साडेतीनच्या सुमारास धारेवरच्या स्वयंसेवकाने वायरलेसवर कळवले की धुके चढू लागले आहे आणि वीस पावलांपलीकडचे काही दिसत नाही. धारेपर्यंतची वाट दीड तासाची होती. सूर्योदयापूर्वी तिथे पोहोचून तयारीला अवधी मिळायचा तर फार तर चारला निघणे भाग होते. धुके सूर्याबरोबर विरेल की तसेच राहील, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

वरवर पाहता ही हवामानाची अडचण होती. माझ्या मते खरी अडचण तिच्याही खाली होती, आणि धुक्याने ती फक्त उघडी पाडली. क्रीडा छायाचित्रणाची मुख्य परंपरा क्षण गोठवण्याची आहे. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने लावलेल्या कॅमेऱ्यांनी दौडत्या घोड्याची चारही पावले जमिनीपासून सुटलेली दाखवली, तेव्हापासून डोळ्याला न दिसणारा क्षण पकडणे हे या कलेचे बलस्थान राहिले आहे. उंच उडी, शंभर मीटरची धाव, चेंडूवर बसलेला फटका यांचे सार खरोखरच एका क्षणात असते, म्हणून १/१००० सेकंदाचा शटर तिथे न्याय देतो. सहनशक्तीच्या शर्यतीचे सार मात्र लांबलेल्या वेळात असते. २४ तास म्हणजे ८६,४०० सेकंद, आणि त्यांतला कोणताही एक हजारांश सेकंद उचलला तर त्यात दिसतो तो फक्त डोंगरात धावणारा एक माणूस. तो दोन तास धावतो आहे की वीस, हे त्या चौकटीतून कळत नाही. सूर्यबिंबावरची काळी आकृती तर याबाबतीत सर्वांत मुकी, कारण तिच्यात चेहराच नसतो. धुके आले नसते आणि गणित जमले असते, तरी ते छायाचित्र देखणे झाले असते आणि शर्यतीबद्दल फारसे काही बोलले नसते.

विचारात घेतलेले पर्याय

छायाचित्रकारांनी साहाय्यकाबरोबर बसून चार पर्याय मांडले. चर्चा जेमतेम दहा मिनिटांची झाली असेल, पण ती मोठ्याने आणि कारणांसह झाली, हे या प्रकरणातले अनुकरणीय पाऊल आहे.

पहिला पर्याय ठरल्याप्रमाणे दोघांनीही धारेवर जाण्याचा होता. आयोजकांनी डोळ्यांपुढे ठेवलेले छायाचित्र मिळण्याची शक्यता फक्त इथेच होती. धुके विरले नाही तर पहाटेचे तीन-चार तास वाया जाणार होते. शिवाय एक दुसरा तोटा होता, जो सुरुवातीला कोणाच्या लक्षात आला नव्हता. ३४ व्या किलोमीटरची मुदत पहाटे पाचपर्यंत होती, म्हणजे शर्यतीतले सर्वांत संथ स्पर्धक या केंद्रावर चार ते पाचच्या दरम्यान येणार होते. धारेवर जायचे म्हणजे नेमके त्यांचे पहिले व्यक्तिचित्र सोडायचे.

दुसरा पर्याय केंद्राजवळच्या सपाट वाटेवर पॅनिंग करण्याचा होता. १/१५ ते १/३० सेकंदाच्या शटरवर धावपटूबरोबर कॅमेरा फिरवला की चेहरा कमीअधिक स्थिर राहतो आणि पार्श्वभूमी ओढली जाते. रात्री हेडलॅम्पच्या रेषाही त्यात उमटतात. तंत्र हुकमी होते आणि काही चांगल्या चौकटी नक्की मिळाल्या असत्या. तरीही पॅनिंग वेगाची भाषा बोलते, आणि ३४ किलोमीटरनंतर मध्यरात्री चढ चालून आलेल्या माणसाला वेगवान दाखवणे छायाचित्रकारांना खोटे वाटले.

तिसरा पर्याय शेडमध्येच थांबण्याचा होता. पहाटेपर्यंत जे थांबतील त्यांचे पहिले व्यक्तिचित्र घ्यायचे, आणि तेच स्पर्धक ८१ व्या किलोमीटरला परत आले की त्याच जागी, त्याच दिव्यात, त्याच अंतरावरून दुसरे घ्यायचे. शर्यतीच्या आधी आणि नंतर चेहरा टिपण्याची कल्पना नवी नाही. इथे फरक इतकाच होता की दोन्ही चित्रे शर्यतीच्या पोटातली होती आणि दोहोंच्या मध्ये ४७ किलोमीटर, एक पहाट आणि पुष्कळांच्या बाबतीत भर दुपार येणार होती. या पर्यायाचा धोका असा की विजेता मालिकेत असण्याची शक्यता जवळजवळ नव्हती, कारण आघाडीचे धावपटू मदतकेंद्रावर बाटल्या बदलण्यापुरतेच थबकतात.

चौथा पर्याय साहाय्यकाने सुचवला. मुख्य छायाचित्रकारांनी शेडमध्ये थांबावे आणि त्याने एकट्याने धारेवर जावे. सूर्य दिसला तर मूळ छायाचित्र, न दिसला तर धुक्याचे. धुक्यातले थेंब प्रकाश विखुरतात आणि त्यातला बराच प्रकाश पुढच्या दिशेने जातो, म्हणून दिव्याच्या जवळजवळ समोर उभे राहिले तर झोत ठळक दिसतो, हे त्याला ठाऊक होते. दोन धावपटू एकामागे एक येत असतील तर मागच्याचा हेडलॅम्प पुढच्याची आकृती प्रकाशाच्या कडेने कोरून काढेल, असा त्याचा तर्क होता.

तिसरा आणि चौथा पर्याय मिळून निर्णय झाला. मुख्य छायाचित्रकारांनी ‘सर्वांत महत्त्वाची’ समजली गेलेली जागा साहाय्यकाच्या हाती सोपवली आणि स्वतः पत्र्याच्या शेडमध्ये राहिल्या. आयोजकांना हे तेव्हाच कळवायला हवे होते. ते कळवले गेले नाही, कारण संपर्क फक्त सुरक्षेच्या वायरलेसवरून होता आणि तो अशा कामासाठी अडवू नये असे त्यांना वाटले. कारण समजण्यासारखे आहे, पण केंद्रप्रमुखांमार्फत दोन ओळींचा निरोप निश्चित पाठवता आला असता.

शेडमधली कार्यपद्धती

दोन चित्रांची तुलना व्हायची तर दोहोंतला प्रकाश सारखा हवा, आणि इथेच काम कठीण झाले. पहिला संच रात्रीचा होता. दुसऱ्या वेळी बाहेर ऊन असणार होते. सकाळ होताच छायाचित्रकारांनी केंद्रावरची गडद ताडपत्री मागून घेऊन शेडची उघडी बाजू झाकली आणि आत येण्यापुरती एक फट ठेवली. स्पर्धकाने कुठे उभे राहायचे ती जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखलेली होती. कॅमेरा तिपाईवर, ८५ मिलिमीटरची लेन्स, ॲपर्चर एफ/४, एक्स्पोजर हाताने ठरवलेले आणि व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगछटेनुसार रंग जुळवण्याची सोय) एका आकड्यावर बांधलेला. स्वयंचलित काहीही ठेवले नव्हते, कारण कॅमेऱ्याने स्वतःहून केलेली प्रत्येक दुरुस्ती दोन चेहऱ्यांमधला खरा फरक पुसू शकते. उन्हाने त्वचा लाल झाली असेल तर ती लालच दिसली पाहिजे. एलईडी दिव्यांखाली इलेक्ट्रॉनिक शटर वापरल्यास चित्रात आडवे पट्टे उमटू शकतात, म्हणून यांत्रिक शटर वापरला. थंडीत बॅटरी लवकर उतरते, यासाठी जादा बॅटऱ्या अंगाशी, जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवल्या होत्या.

स्पर्धकांशी वागण्याचे नियम याहून महत्त्वाचे होते, आणि ते छायाचित्रकारांनी स्वतःपुरते लिहून काढले. कोणालाही धावताना किंवा खाताना थांबवायचे नाही. पाणी भरून झालेल्या, स्वतःहून उभ्या असलेल्या माणसालाच विचारायचे. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ घ्यायचा नाही. ‘हसा’ म्हणायचे नाही आणि ‘थकलेले दिसा’ असेही म्हणायचे नाही. फक्त लेन्सकडे पाहायला सांगायचे. वैद्यकीय पथक ज्याच्याकडे लक्ष देत आहे त्याच्याजवळ कॅमेरा न्यायचा नाही.

पहाटे पाचपर्यंत साठेक जणांची पहिली व्यक्तिचित्रे झाली. सकाळी साडेसहाच्या सुमारास आघाडीचे धावपटू ८१ व्या किलोमीटरवरून गेले आणि अपेक्षेप्रमाणे त्यांच्यातले कोणीही शेडमध्ये आले नाही. नऊनंतर मात्र माणसे येऊ लागली, आणि एक अनपेक्षित गोष्ट घडली. रात्री ज्यांना विनंती करावी लागली होती, ते आता स्वतःहून शेड शोधत येत होते. काहींनी सांगितले की पहाटेच्या चढावर त्यांना हे दुसरे छायाचित्र आठवत होते. चित्रण शर्यतीबाहेर राहून व्हावे, धावपटूच्या मनात त्याने शिरकाव करू नये, असे मानणाऱ्यांना हे खटकेल. मला ते खटकत नाही, परंतु प्रदर्शनातल्या मजकुरात ही गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवावी, असे मी त्यांना सुचवले आणि त्यांनी ती नोंदवली.

दुसऱ्या चित्रांत जे उतरले त्याचे वर्णन थोडक्यात करणे अवघड आहे. ओठांवर आणि कपाळावर सुकलेल्या घामाचे मीठ, झोप न झाल्याने जड झालेल्या पापण्या, पहिल्या चित्रात ताठ असलेली आणि आता एका बाजूला कललेली मान हे सर्व होतेच. पण काही चेहरे दुसऱ्या चित्रात अधिक मोकळे दिसतात. रात्रीच्या चित्रातली काळजी, घड्याळाकडे लागलेले लक्ष, कॅमेऱ्यापुढचा सराईत भाव दुपारपर्यंत गळून पडलेला होता. थकवा चेहऱ्यावर फक्त भर घालतो असे आपण गृहीत धरतो. इथे तो चेहऱ्यावरचे बरेच काही काढून टाकताना दिसत होता. ही जोडचित्रे पाहिल्यावर मला प्रथमच वाटले की या शर्यतीचा वेळ चौकटीत आला आहे.

मुदतीनंतर पोहोचलेला स्पर्धक

दुपारी साडेचारला ८१ व्या किलोमीटरची मुदत संपली. त्यानंतर काही मिनिटांनी एक मध्यमवयीन स्पर्धक केंद्रावर पोहोचले. नियमाप्रमाणे त्यांचा बिब काढून घेण्यात आला. पहाटे पाचच्या जरा आधी त्यांचे पहिले व्यक्तिचित्र झाले होते. ते सरळ शेडमध्ये आले, आखलेल्या जागी उभे राहिले आणि रडू लागले. छायाचित्रकारांनी ‘काढू का?’ असे विचारले. त्यांनी होकारार्थी मान हलवली. चित्र काढले गेले.

आयोजकांच्या समितीतल्या सर्वांच्या मते संपूर्ण मालिकेतले हे सर्वांत प्रभावी छायाचित्र होते, आणि त्यामुळेच ते वापरावे की नाही यावरून बैठक लांबली. प्रवेश अर्जात ‘स्पर्धेदरम्यान काढलेली छायाचित्रे आयोजक वापरू शकतात’ असे कलम होते, तेव्हा कायद्याची अडचण नाही, असे एका सदस्याचे म्हणणे होते. दुसऱ्या सदस्याने फेब्रुवारी १९८२ च्या हवाईतल्या आयर्नमन या ट्रायथलॉन (पोहणे, सायकल आणि धावणे) शर्यतीचा दाखला दिला. अंतिम रेषेच्या अगदी जवळ कोसळलेल्या आणि अखेर रांगत रेषा ओलांडणाऱ्या ज्युली मॉस यांची दृश्ये दूरचित्रवाणीवर दिसली, आणि असंख्य लोक त्यामुळेच ट्रायथलॉनकडे वळले. हतबलतेचे चित्र खेळाला मोठे करते, हा त्यांचा मुद्दा होता.

हा दाखला खरा असला तरी या प्रसंगाला तो लागू पडत नाही, असे माझे मत आहे. मॉस त्या वेळी आघाडीवर होत्या, शर्यतीचा निकाल प्रेक्षकांच्या देखत लागत होता आणि घडत होते ते सार्वजनिक जागी. इथे एक माणूस शर्यतीतून बाहेर पडल्यानंतर, ताडपत्रीआडच्या जागेत, ज्या व्यक्तीवर पहाटे विश्वास टाकला होता तिच्यासमोर उभा होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रात्रभर जागून, जवळपास वीस तास चालून आलेल्या माणसाने हलवलेली मान ही चित्र काढण्याची परवानगी मानता येईल, पण ते पोस्टरवर छापण्याची परवानगी नक्कीच नाही. त्या अवस्थेत माणूस पुढच्या परिणामांचा विचार करण्याच्या स्थितीत नसतो, आणि अर्ज भरताना वाचलेल्या किंवा न वाचलेल्या कलमामुळे हे वास्तव बदलत नाही.

छायाचित्रकारांनी चित्र बाजूला ठेवले, आठवडाभर जाऊ दिला आणि मग त्या स्पर्धकाला दोन्ही चित्रे पाठवून तीन वेगवेगळे प्रश्न विचारले: प्रदर्शनात लावावे का, पोस्टरवर किंवा जाहिरातीत वापरावे का, आणि दोन्हींना नकार असल्यास मूळ प्रत नष्ट करावी का. त्यांनी प्रदर्शनासाठी होकार दिला, जाहिरातीसाठी स्पष्ट नकार दिला आणि स्वतःसाठी एक छापील प्रत मागितली. एकच ‘हो की नाही’ असा प्रश्न विचारला असता तर हे उत्तर मिळाले नसते.

परिणाम

डोंगरधारेवर त्या सकाळी सूर्य दिसलाच नाही. साहाय्यकाने उजाडण्यापूर्वीच्या निळसर धुक्यात काढलेल्या चौकटींपैकी एकीत दोन धावपटू मागेपुढे आहेत, मागच्याच्या दिव्याने पुढच्याची आकृती कोरलेली आहे आणि त्याच्या श्वासाची वाफ झोतात उभी आहे. तेच पोस्टर झाले, आणि त्यावर साहाय्यकाचे नाव छापले गेले. मोठ्या नावाखाली सर्व काम जमा करण्याची पद्धत या व्यवसायात अजूनही आढळते. मुख्य छायाचित्रकारांनी नावाचा आग्रह स्वतः धरला, हे नमूद केले पाहिजे.

पहिले व्यक्तिचित्र झालेल्या साठेक जणांपैकी निम्म्याहून थोडे अधिक दुसऱ्या चित्रासाठी आले. बाकीचे वाटेत थांबले होते किंवा ८१ व्या किलोमीटरला न थांबता पुढे गेले होते. जे आले नाहीत त्यांच्यासाठी दुसऱ्या चौकटीत त्याच प्रकाशातली रिकामी भिंत दाखवावी, ही छायाचित्रकारांची कल्पना होती. समितीला ती अपयशाचे प्रदर्शन वाटली. अखेर ज्यांनी लेखी होकार दिला अशा दोघांच्याच बाबतीत ती वापरली गेली. माझ्या मते रिकाम्या भिंती आणखी असत्या तर मालिका अधिक खरी झाली असती, कारण अशा शर्यतीत न परतणे हाही शर्यतीचाच भाग असतो. पण संबंधितांच्या होकारावाचून ते करणे गैर ठरले असते, हेही तितकेच खरे.

प्रदर्शनात विजेता नाही, ही तक्रार झाली आणि ती काही काळ टिकली. तिला उत्तर म्हणून मी समितीला १९६७ च्या बॉस्टन मॅरेथॉनची आठवण करून दिली. महिलांना अधिकृत प्रवेश नसताना धावणाऱ्या कॅथरीन स्विट्झर यांचा २६१ क्रमांकाचा बिब ओढू पाहणाऱ्या अधिकाऱ्याची छायाचित्रे आजही सर्वत्र पाहिली जातात. त्या वर्षीचा विजेता कोण होता हे सांगू शकणारे त्या मानाने थोडे निघतील. तरीही तक्रारीत तथ्य होते. ‘इतर शर्यतींपेक्षा वेगळी’ या शब्दांत विजेता वगळण्याची मुभा आहे असे छायाचित्रकारांनी मानले, तर विजेता तर असणारच असे आयोजकांनी गृहीत धरले. दोघांनीही विचारले नाही.

वेगळे काय करता आले असते

तांत्रिक बाजूने एक दोष स्पष्ट आहे. एलईडी दिवा बॅटरीवर चालत होता, आणि अशा दिव्यांपैकी काहींचा उजेड बॅटरी उतरू लागली की मंदावतो. दुपारच्या काही चित्रांत चेहरा किंचित काळवंडलेला दिसतो, आणि तो थकव्यामुळे की दिव्यामुळे हे सांगता येत नाही. जी मालिका सूक्ष्म फरकांवर उभी आहे तिच्यात ही अनिश्चितता परवडणारी नव्हती. दर तासाला त्याच जागी करड्या कार्डाचे एक छायाचित्र घेतले असते, तर नंतर सर्व चित्रे एका पातळीवर आणणे सोपे गेले असते.

शेडमध्ये दुसऱ्या माणसाची गरज होती. एकच व्यक्ती विचारणे, उभे करणे, चित्र घेणे आणि बिब क्रमांकाची नोंद ठेवणे ही सर्व कामे करत होती. गर्दीच्या वेळी काही नोंदी चुकल्या आणि तीन-चार जोड्या नुसत्या चेहऱ्यांवरून जुळवाव्या लागल्या. एखादा स्वयंसेवक आधीच मागून घेता आला असता.

संमतीचा प्रश्न बिब वाटपाच्या वेळी सोडवणे अधिक चांगले, कारण तेव्हा स्पर्धक ताजातवाना असतो. व्यक्तिचित्रास तयार आहात का, प्रदर्शन चालेल का, जाहिरात चालेल का, आणि शर्यत अर्धवट सोडावी लागली तर तेव्हाची चित्रे वापरलेली चालतील का, असे चार साधे प्रश्न पुरेत. शेवटचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो विचारला असता तर रिकाम्या भिंतीचा वाद आधीच मिटला असता. अर्थात आधी घेतलेला होकार शर्यतीनंतर मागे घेण्याची सोयही ठेवलीच पाहिजे, कारण तो होकार देणाऱ्या ताज्या माणसाला ८१ व्या किलोमीटरवरचा आपला चेहरा अजून माहीत नसतो.

विजेत्याबाबत मी एक मार्ग सुचवला होता. आघाडीच्या पाच-सहा धावपटूंच्या मदतनिसांशी आधी बोलून, शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी आणि शर्यत संपल्यावर थोड्या वेळाने, त्याच दिव्यात आणि त्याच भिंतीसारख्या पार्श्वभूमीपुढे त्यांची व्यक्तिचित्रे घ्यावीत. छायाचित्रकारांना हे मान्य झाले नाही. मधल्या टप्प्यावर घेतलेली चित्रे आणि संपल्यानंतरची चित्रे एकाच मालिकेत ठेवली तर तुलनेचा आधारच जातो, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि त्यात तथ्य आहे. पुढच्या वर्षीच्या शर्यतीसाठी त्यांनी शेडची जागा कायम ठेवण्याची, दिवा थेट विजेच्या जोडणीवर चालवण्याची आणि दोन स्वयंसेवकांची मागणी लेखी कळवली आहे. विजेत्याचे चित्रण अंतिम रेषेवरच्या छायाचित्रकाराकडे स्वतंत्र काम म्हणून सोपवावे, असेही त्याच पत्रात नमूद केले आहे.